केसपेपर आधी की केस आधी?

जतची सिस्टर
बावीस वर्षं जत तालुक्यात आरोग्यसेविका होते. आता रिटायर झाले, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस होता. सासूबरोबर एक पोरगी आली. हातात हिरवा चुडा, पायात शाळेचे काळे बूट. वय विचारलं तर सासूच बोलली, "एकोणीस लिवा." आधार मागितलं. सासूने कार्ड पिशवीतून अर्धं वर काढलं, माझ्याकडे बघितलं आणि परत आत सारलं. "झेराक्स करून आणते," म्हणाली आणि गेली. पोरीचा दंड मी रक्तदाबासाठी बांधलेला होता, तो सोडायलासुद्धा थांबवेना तिला. परत आली ती थेट कळा सुरू झाल्यावर, रात्री, जीपमधून. हिमोग्लोबिन सहा. बाळ दीड किलोचं.

सासूला कुणीतरी सांगितलं होतं की अठराच्या आतल्या गरोदर पोरीचं दवाखान्यात नाव लागलं की पोलीस येतात. खोटं नव्हतं ते. पण म्हणून पाच महिने ना गोळ्या, ना इंजेक्शन, ना सोनोग्राफी.

माझं म्हणणं एवढंच. पोट दिसायला लागलेल्या पोरीसाठी दवाखान्याचं दार पोलीस ठाण्यातून उघडता कामा नये. तालुक्याला एक बाई असावी, जी तिच्याबरोबर फिरेल: तपासणी, बालकल्याण समिती (अडचणीतल्या मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती), पुढे शाळा. तुम्हाला काय वाटतं?

माणदेशी मास्तर
ताई, वाचून वाईट वाटलं, पण मी उलट बाजूचा आहे. दहिवडीकडे हायस्कूलवर आहे. दिवाळीनंतर नववीच्या वर्गात दोन-तीन बाक रिकामे दिसतात आणि सगळ्यांना कारण माहीत असतं. आईबाप ऊसतोडीला जाणार, पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय टोळीत हिशोब कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. लग्न लावलं की एक कोयता वाढला, उचल म्हणजे आगाऊ रक्कम वाढली.

हे थांबतं ते फक्त भीतीने. मागे एकदा हळदीच्या दिवशी १०९८ वर, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन गेला. ग्रामसेवक आणि पोलीस दारात उभे राहिले तसा मंडप उतरला. २००६ च्या बालविवाह बंदी कायद्यात लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे, हे कळल्यापासून आमच्याकडचे भटजीसुद्धा जन्मदाखला मागतात. आता तुम्ही म्हणता मागच्या दाराने सोय करा. म्हणजे लोकांना कळेल, की लग्न लपवून उरकलं की पुढचं सरकार बघतं.

जतची सिस्टर
मास्तर, मंडप उतरवायला माझा विरोध कुठाय? मी स्वतः दोनदा फोन केलाय. मी मंडप न उतरलेल्या पोरीबद्दल बोलतेय.

विट्याचा वकील
कायद्याबद्दल अर्धवट माहिती फिरते, म्हणून लिहितो.

पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा. अठराच्या आतली मुलगी गरोदर आहे हे कळलं की कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं, डॉक्टरलाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. लग्न झालंय ही सबब चालत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच, असं स्पष्ट केलं. पण कळवायचं म्हणजे उपचार थांबवायचे, असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट सप्टेंबर २०२२ च्या निकालात हेच न्यायालय म्हणालं, की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, पालकाच्या संमतीने. बाळ ठेवायचंच नसेल तर बालकल्याण समितीसमोर सोपवता येतं आणि विचार बदलायला दोन महिने मिळतात.

यातलं किती तालुक्यातल्या दवाखान्यात माहीत असतं, ते विचारू नका. माझ्या एका प्रकरणात मुलीला २३ वा आठवडा लागलेला आणि तिला "आधी एफआयआरची कॉपी आणा" म्हणून परत पाठवलं. कॉपी येईपर्यंत २४ उलटले. पुढे मेडिकल बोर्ड, कोर्ट, सगळं.

कराडचे काका
इतका गहजब कशाला? माझी आजी चौदाव्या वर्षी आई झाली. नव्वद वर्षं जगली.

आशा सुपरवायझर
काका, आजीची बाळंतपणं किती आणि जगली किती?

कराडचे काका
नऊ. जगली चार.
पण तो काळ वेगळा होता.

आशा सुपरवायझर
बरं. मूळ मुद्द्यावर. २०१४ पासून किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी कार्यक्रम आहे, आपल्याकडे त्याचं मैत्री क्लिनिक. आमच्या इथे पाटी लावलीय, समुपदेशकही आहे. पण वेळ शाळेचीच, आणि दार उघडतं बाह्यरुग्णच्या रांगेसमोर. त्या रांगेत पोरीची चुलती बसलेली. सकाळी दवाखान्यात दिसली की संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला डेअरीवर बातमी. कोण येणार? दर आठवड्याला समुपदेशक शाळेतच बसू दे, पाळीच्या तक्रारी, पिंपल्स, काहीही निमित्त. पोरं म्हणजे मुलगेसुद्धा. त्यांना कंडोम ठाऊक आहे तो फक्त मित्रांच्या विनोदातून.

माणदेशी मास्तर
शाळेत बसवा, मी खोली रिकामी करून देतो. प्रतिबंधाला माझी ना नाहीच. पण आकडेही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात अठराच्या आत लग्न झालेल्या २० ते २४ वयाच्या मुली २६.३ टक्क्यांवरून २१.९ वर आल्यात. धाक आहे म्हणून.

जतची सिस्टर
त्याच पाहणीतली दुसरी ओळ वाचा. १५ ते १९ वयात आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या ८.३ वरून ७.६. इथे तुमचा धाक कुठे गेला? आणि राहिलेल्या त्या ७.६ मधल्या पोरी कुठे जातात, हाच तर माझा धागा आहे.

खटावकर
मी त्या ओळीतली आहे.

सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्याला मुलगी. नवऱ्याचं वय तेव्हा बावीस. केस झाली असती तर तो आत आणि मी दिरांच्या दारात. म्हणून माझी एकही तपासणी सरकारीत झाली नाही. खाजगीत वय वाढवून सांगितलं. डॉक्टरनेही फार विचारलं नाही, फक्त फी जास्त घेतली. मातृवंदनाचे, म्हणजे बाळंतिणीसाठीच्या सरकारी योजनेचे, पाच हजार नाहीत, कारण त्याला १८ वर्षं ७ महिने पूर्ण लागतात. म्हणजे ज्या बाळंतिणीचं अंग सगळ्यात कच्चं, तिलाच डिंकाचे लाडू नाहीत.

माणदेशी मास्तर
ताई, रागावू नका. तुम्हाला पैसे दिले तर शासनाने गुन्ह्याला अनुदान दिल्यासारखं नाही का?

खटावकर
मास्तर, गुन्हा कुणाचा? लग्न बापाने ठरवलं, तारीख भटजीने काढली, जेवणाच्या पंगतीत आमचे वर्गशिक्षक होते. मी फक्त पाटावर बसले. दंड मात्र मला आणि पोरीला.

सावित्रीबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. त्यांचंही लग्न नवव्या वर्षी झालेलं. १८६३ मध्ये पुण्यात फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा पोरीला आधी आत घेतलं, खोली दिली, बाळंतपण केलं. आपण जयंतीला फोटोला हार घालतो.

पुढचंही सांगते. पोरगी दोन वर्षांची झाल्यावर १७ नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसायचा फॉर्म, भरून दहावी दिली. जाऊ तिला घेऊन परीक्षा केंद्राबाहेर लिंबाखाली बसायची. गणिताच्या पेपरला पोरगी रडली ते वर्गात ऐकू आलं. पर्यवेक्षकबाई म्हणाल्या, जा, पाजून ये, मी काही बघितलं नाही. ५८ टक्के.

विट्याचा वकील
त्या पर्यवेक्षकबाईंना नियम दाखवा म्हटलं तर सापडणार नाही.

माणदेशी मास्तर
पंगतीतल्या शिक्षकाबद्दल मी काही बोलत नाही. मीही जेवलोय अशा पंगतीत.

केसचा धाक हवाच, यावर मी अजून ठाम आहे. पण एक विचारायचं होतं. यंदा माझ्या वर्गातली एक गेली. ऑगस्टमध्ये. आता पाचवा महिना आहे म्हणतात. तिला १७ नंबर भरता येईल का?

खटावकर
येईल. शाळा सोडल्याचा दाखला मूळ लागतो, तो तुमच्याच शाळेतून निघणार. सासरी पाठवू नका, तिथे कपाटात जातो. तिच्या आईच्या हातात द्या. आणि फॉर्मवर दाखल्यावरचंच नाव, माहेरचं. माझं सासरचं लिहिलं गेलं होतं, दुरुस्तीला कोल्हापूर बोर्डाला दोन हेलपाटे झाले.

जतची सिस्टर
मास्तर, पाचवा महिना म्हणालात. तपासणी झालीय का तिची?