राज्यमार्ग नगरपरिषदेकडे वर्ग होणार आहे, हरकत घ्यावी का?

गिरणीवाली

नमस्कार मंडळी. आमच्या गावातून जाणाऱ्या राज्यमार्गाचा शहर हद्दीतला साडेतीन किलोमीटरचा तुकडा नगरपरिषदेने ताब्यात घ्यावा, असा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे येतोय. आमची नगरपरिषद 'क' वर्गातली, म्हणजे सर्वांत लहान वर्गातली. माझी पिठाची गिरणी याच रस्त्यावर आहे. सासरे चालवायचे, गेली अकरा वर्षं मी चालवते.

गिरणीसमोर रस्त्याखालून एक मोरी जाते. पूर्वी मागे शेतं होती, तेव्हा पाणी जिरायचं. आता तिथे प्लॉटिंग झालंय आणि सगळ्या वस्तीचं पाणी त्या एका पाइपातून जायला बघतं. गेल्या सप्टेंबरात एका रात्री गिरणीत गुडघाभर पाणी आलं. मोटर दोन फुटी कट्ट्यावर आहे म्हणून वाचली. पण दळणाचे डबे खाली रांगेत होते. आमच्याकडे डब्यांवर ऑइलपेंटने नावं घातलेली असतात. कंदिलाच्या उजेडात एकेक नाव वाचत मी आणि माझ्या मुलीने डबे उचलून कट्ट्यावर ठेवले. तरी नऊ डब्यांतली ज्वारी भिजलीच. ती मी घरची भरून दिली.

तेव्हापासून खेटे घालतेय. सार्वजनिक बांधकामच्या कार्यालयात सांगतात, पाणी गटाराचं आहे, गटार नगरपरिषदेचं. नगरपरिषदेत सांगतात, मोरी राज्यमार्गाची, आम्हाला हात लावता येत नाही. म्हणून हा विषय ऐकला तेव्हा मला आधी बरंच वाटलं, निदान एकच दार राहील. पण दीर म्हणतात, ज्यांना पथदिव्यांचं बिल भरता येत नाही ते रस्ता काय सांभाळणार? हंगामात इथून रात्रंदिवस उसाच्या डबल ट्रॉल्या जातात. हरकत घेऊ का? घेतली तर नेमकं काय मागू?

निवृत्त शाखा अभियंता

ताई, सार्वजनिक बांधकाम विभागात ३१ वर्षं काढली आहेत, त्यातली बरीच उपविभागात, म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावर. सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करतो. नगरपरिषदेने ठराव केला म्हणून रस्ता लगेच तिचा होत नाही. राज्यमार्ग हा १९५५च्या महामार्ग अधिनियमाखाली शासनाने घोषित केलेला असतो, तो काढायलाही शासनाचाच आदेश लागतो. नगरपरिषदेचा संमतीचा ठराव कार्यकारी अभियंत्यांकडे जातो, तिथून प्रस्ताव अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता असा मंत्रालयापर्यंत चढतो. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. पण ठरावात जे लिहिलं जाईल तेच पुढे धरलं जातं, म्हणून आत्ताच लक्ष घाला. त्यात "आहे त्या स्थितीत ताब्यात घेण्यास तयार" हे शब्द असले, तर ते काढायला लावा. पुढचं सगळं त्याच शब्दांवर अडतं.

आता मला तुम्हालाच विचारायचंय, तुमच्या गावाला बाह्यवळण झालंय का? यावरच सगळं अवलंबून आहे. बाह्यवळण झालं असेल, तर जड वाहतूक बाहेरून जाते, आतला तुकडा खरोखरच शहराचा रस्ता होतो आणि नगरपरिषदेने तो घेणं रास्त आहे. झालं नसेल, तर वाहतूक राज्याची आणि खर्च तुमच्या घरपट्टीतून, असं होईल. शहरातल्या गल्लीत नगरपरिषद काँक्रीट टाकते आणि ते वर्षानुवर्षं टिकतं, कारण त्यावरून दुचाकी आणि टेम्पो जातात. डबल ट्रॉलीखाली ते टिकत नाही. राज्यमार्गाला बीबीएम, कार्पेट, सीलकोट असे खडी-डांबराचे थर काही वर्षांनी पुन्हा द्यावेच लागतात. विभागाला त्यासाठी ३०५४ या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खात्यातून, दुरुस्तीचे पैसे येतात, मोठी कामं ५०५४मधून होतात. रस्ता वर्ग झाला की ही दोन्ही दारं बंद. मग नगरपरिषदेकडे रस्ता अनुदान, वित्त आयोगाचा निधी आणि राज्याच्या नगरोत्थान योजनेतून काही मंजूर झालं तर तेवढंच. त्यातूनच पाणी, कचरा, दिवे.

मोरीचं म्हणाल, तर ती हस्तांतरणाच्या आधीच विभागाकडून बदलून घ्या. बाह्यवळण झाल्यावर जुना रस्ता सोपवताना एकदा पूर्ण सुधारून देण्याची पद्धत राष्ट्रीय महामार्गांवर आहेच, तुम्हीही तेच मागा. संयुक्त पाहणी होऊ द्या. शाखा अभियंता, नगरपरिषदेचा अभियंता आणि चार रहिवासी यांनी तुकडा पायी चालायचा, प्रत्येक मोरी, हद्दीचा दगड, झाड, अतिक्रमण लिहून घ्यायचं, खाली सगळ्यांच्या सह्या. मी असे दोन तुकडे सोपवले आहेत. पहिल्यात पाहणी झाली नव्हती आणि पुढे एका बुजलेल्या मोरीवरून पत्रांचा गठ्ठा झाला. ती चूक माझीही होती, म्हणून इतकं पोटतिडकीने सांगतोय.

आणि हद्दीत जुना पूल असेल, तर तो वगळूनच ठराव करा. पुलाची तपासणी आणि दुरुस्ती 'क' वर्ग नगरपरिषदेच्या आवाक्यातली नाही.

जळगावकर

आमच्याकडचं २०१७ आठवलं. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा १५ डिसेंबर २०१६चा निकाल होता, १ एप्रिल २०१७पासून लागू. ती दुकानं वाचावीत म्हणून त्या सुमारास राज्यात ठिकठिकाणी शहरांतले राज्यमार्ग अवर्गीकृत करून, म्हणजे त्यांचा राज्यमार्गाचा दर्जा काढून, पालिकांकडे देण्याची घाई झाली, आमचं शहरही त्यात होतं. रस्त्याचा दर्जा आणि रस्त्याची गरज यांचा तिथे काही संबंधच उरला नव्हता. चंदीगडनेही असेच रस्त्यांचे दर्जे बदलले, ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि ११ जुलै २०१७ला न्यायालयाने स्पष्ट केलं की पालिका हद्दीतल्या परवानाधारक दुकानांना ती बंदी लागू नाही. म्हणजे ज्या कारणासाठी धावपळ झाली ते कारण चार महिन्यांच्या आत संपलं, आणि खड्डे बुजवायचं काम पालिकांच्या अंगावर पडलं.

ताई, म्हणून सभेत हे आधी विचारा, की हा विषय आत्ताच का आणि कोणाच्या अर्जावरून आला? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

माजी नगरसेवक, क वर्ग

आम्ही असा रस्ता घेतलाय, दोन्ही बाजू सांगतो. चांगलं हे झालं की पाण्याची लाइन रस्त्यापलीकडे न्यायची तर खोदाईच्या परवानगीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागायचं, ते संपलं. दुभाजक, दिवे, फूटपाथ आम्ही आमच्या मनाने केले. शिवाय महामार्गाची इमारत रेषा, म्हणजे रस्त्यापासून ठरावीक अंतर सोडूनच बांधायची अट, गेली आणि विकास आराखड्याप्रमाणे बांधकाम परवानग्या मिळायला लागल्या. कडेच्या प्लॉटवाल्यांना याचा मोठा फायदा होतो, आणि विषय आणण्यामागे बऱ्याचदा तेच असतात. त्यात गैर काही नाही, पण ते उघडपणे बोललं जावं.

वाईट हे, की तिसऱ्या पावसाळ्यात रस्ता उखडला आणि डांबरीकरणाचं अंदाजपत्रक बघून सभागृहात सगळे गप्प झाले. मी स्वतः हात वर करून ठराव मंजूर केला होता. तेव्हा कोणी आकडा विचारला नाही, मीही नाही. मला त्याची आजही बोच आहे.

अंधेरीहून

मुंबईत पश्चिम आणि पूर्व द्रुतगती मार्ग आधी बांधकाम विभागाकडे, मग एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि २०२२च्या अखेरीला महापालिकेकडे आले. कारण हेच होतं, खड्डा कोणाचा यावरून चालणारी टोलवाटोलवी थांबावी. एकच यंत्रणा असणं मला रहिवासी म्हणून पटतं. पण ती देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका आहे. तिचं उदाहरण देऊन कोणी छोट्या नगरपरिषदेला भरीस घालत असेल, तर ऐकू नका.

गिरणीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, बाह्यवळण झालेलं नाही. आखणीचे दगड लागलेत, जमीन अजून शेतकऱ्यांच्याच ताब्यात आहे.

काल दुपारी लाइट गेली होती, तेव्हा मुलीला घेऊन मोरी बघायला उतरले. एकच सिमेंटचा पाइप, टेपने आतून ६० सेंटिमीटर भरला. खालचा निम्म्याच्या वर गाळाने भरलेला, त्यात प्लास्टिक आणि एक चप्पल अडकलेली. पलीकडच्या तोंडाशी कोणीतरी पायरीसाठी फरशी टाकली आहे, त्यामुळे पाणी बाहेर पडायलाच जागा नाही. फोटो काढलेत. हे इतक्या महिन्यांत एकाही साहेबांनी उतरून बघितलेलं नाही, आणि आम्हीही नाही बघितलं.

अर्ज असा लिहितेय. बाह्यवळण सुरू होईपर्यंत रस्ता घेऊ नये. घ्यायचाच झाला, तर आधी मोरी बदलावी, संयुक्त पाहणी करावी, आणि दर वर्षीच्या दुरुस्तीचा आकडा सभेत वाचून दाखवावा. ओढ्यावरचा पूल वगळावा. कडेच्या बावीस दुकानदारांपैकी सतरा जणांनी सही केली आहे. काका, अर्जात मोरीची जागा कशी लिहायची? "गिरणीसमोर" लिहिलं तर चालेल का?

निवृत्त शाखा अभियंता

"गिरणीसमोर" लिहाच, पण सोबत साखळी क्रमांकही द्या. जवळचा किलोमीटरचा दगड शोधा, तिथून मोरीपर्यंत टेपने मोजा. दगड ४३चा असेल आणि पुढे अंतर २८० मीटर भरलं, तर लिहायचं "किमी ४३/२८०". विभागाच्या नोंदवहीत मोरी याच आकड्याने असते, मग ती आमची नाही असं कोणी म्हणू शकत नाही. अर्ज दोन्ही कार्यालयांत द्या, पोच घ्या, आणि एकाची प्रत दुसऱ्याला जोडा.

पलीकडची फरशी आणि आतला गाळ काढायला कोणत्याही हस्तांतरणाची गरज नाही. त्यासाठी वेगळा, एक पानी अर्ज उपअभियंत्यांना मे महिन्याच्या आत द्या, पावसाळापूर्व कामांत ते बसतं. मसुदा इथे टाका, मी बघून देतो.

गिरणीवाली

दगड सापडला, बाभळीच्या झुडपात पडला होता. मोजून आज रात्री मसुदा टाकते. बुधवारी आमच्याकडे बाजार असतो, गिरणी दुपारी बंद ठेवून दोन्हीकडे देऊन येते.