अप्रीती, राजद्रोह आणि ‘ती’ बंदी

विचारणा: पोलिसांसंबंधीच्या एका बातमीत ‘अप्रीतीची भावना चेतवणे’ हा गुन्हा वाचला. अप्रीती हा शब्द कोणाच्या तोंडी कधी ऐकलेला नाही. याचा नेमका अर्थ काय? शिवाय राजद्रोह आणि देशद्रोह एकच का?

उत्तर: तोंडी ऐकणार कसा, तो कायद्याच्या मराठीतच राहतो. पोलिसांमध्ये सरकारविषयी नाराजी पसरवण्याविरुद्ध १९२२ चा एक कायदा आहे, त्याच्या मराठी नावातच हा शब्द आहे. भाषांतरकाराने मूळ इंग्रजी ‘डिसअफेक्शन’ या शब्दाची फोड करून ‘अ’ आणि ‘प्रीती’ जोडले. हसू येते खरे, पण याच अर्थाने माणसे तुरुंगात गेली आहेत. १८९७ साली ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, आणि ती चेतवणे हा गुन्हा. ज्यूरीतले सहा जण दोषी म्हणाले, तिघे निर्दोष. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. म्हणजे सरकारचा द्वेष तर सोडाच, त्याच्यावर प्रेम नसणे एवढेही पुरे!

त्याला जोडून: गंमत म्हणजे याच टिळकांना आपण ‘असंतोषाचे जनक’ म्हणतो आणि ते गौरवाने. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने ते दूषण म्हणून वापरले होते. असंतोष मराठीत बिरुद झाला, अप्रीती मात्र कलमातच राहिली.

राजद्रोहाबद्दल: दोन्ही एक नव्हेत, आणि वर्तमानपत्रे सर्रास गोंधळ करतात याचा मला राग आहे. दंड संहितेतले १२४-अ कलम (१८७० साली घातलेले) ‘कायद्याने स्थापित सरकार’विषयी होते. त्यात ज्याच्याशी द्रोह व्हायचा ते सरकार होते, देश नव्हे. सरकार बदलते, देश बदलत नाही. विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याने मंत्र्यांवर घणाघाती भाषण केले आणि मथळ्यात ‘देशद्रोहाचा गुन्हा’ छापले, की खटला उभा राहण्याआधीच निम्मा निकाल लागतो. नुसत्या टीकेने हा गुन्हा होत नाही, हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सांगितले होते. २०२२ साली त्याच न्यायालयाने हे कलम स्थगित ठेवले. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही. तिथल्या १५२ व्या कलमात देशाचे सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणे हा गुन्हा आहे. शब्द गेला, पण भाषा ‘देशद्रोहा’च्या अधिकच जवळ सरकली असे माझे मत.

प्रतिप्रश्न: मग आणीबाणीत विरोधकांना राजद्रोहाची शिक्षा झाली होती का?

उत्तर: बहुतेकांना शिक्षा झालीच नव्हती, ते स्थानबद्ध होते. हा फरक जपायला हवा. शिक्षा होते ती आरोप सिद्ध झाल्यावर. स्थानबद्ध करतात तो माणूस पुढे काही करील या भीतीने. २५ जून १९७५ ला जयप्रकाश नारायण रामलीला मैदानावर म्हणाले की पोलिसांनी, लष्कराने बेकायदा हुकूम मानू नयेत. वरच्या ‘अप्रीती’शी ताडून पाहा! पण ती कोर्टात सिद्ध करण्याच्या भानगडीत कोण पडतो? त्याच रात्री आणीबाणी आली, पहाटे जयप्रकाश अटकेत. ही स्थानबद्धता बहुतेकदा १९७१ च्या मिसा (अंतर्गत सुरक्षा) कायद्याखाली होती, त्यात पुढे दुरुस्ती करून, कोंडण्याची कारणे कळवण्याचे बंधनही काढून टाकले. म्हणून ‘मिसाखाली शिक्षा भोगली’ हे चूक. ‘मिसाखाली स्थानबद्ध होते’ म्हणावे. नजरकैद आणखी वेगळी, तिथे घराचाच तुरुंग होतो.

आणखी एक: माझ्या भाच्याने ‘मिसाबंदी’ म्हणजे मिसावर घातलेली बंदी असा अर्थ लावला. दारूबंदी, नसबंदी ऐकलेल्या मुलाचे काय चुकले? ‘ती’ बंदी म्हणजे मनाई, ती फारसी ‘बंद’वरून आलेली. ‘तो’ बंदी म्हणजे कैदी, तो संस्कृतातला. राजबंदीतही हाच ‘तो’.

त्यावर: आणि ‘ती’ कैदी असेल तर? मृणाल गोरेही आणीबाणीत तुरुंगात होत्या. संस्कृतात बंदिनी आहे, पण ‘मिसाबंदिनी’ मी तरी कुठे वाचलेले नाही. कोणी वाचले असल्यास सांगावे.