थंडीत गाडी ओढ सोडते, गरम फिल्टर बसवावा का?

मंठा_सहाचाकी
राम राम मंडळी. टाटा १६१३ आहे, जुन्या इनलाइन पंपाची. जालन्याहून सळई भरून परभणी-नांदेडला जायलो. मेहुण्याच्या हॉटेलातलं तळणाचं उरलेलं तेल कापडानं गाळून डिझेलमध्ये निम्मं टाकायलो. पावसाळाभर काही त्रास नव्हता. थंडी पडल्यापासून पहाटे गाडी चालू होते, पण मंठ्याच्या पुढं चढाला ओढ सोडते. पुरा ॲक्सिलेटर दिला तरी उचलत नाही. फिल्टर बदलला की थोडे दिवस बरी चालते. मिस्त्री म्हणतो गरम फिल्टर बसव, म्हणजे तेल तापवणारा डिझेल फिल्टर. इंजिनाच्या गरम पाण्यावरचा घ्यावा का बॅटरीच्या करंटवरचा? त्यानं हे बंद होईल का?

बीड_बायपास
करंटवरचा घ्या भाऊ. इंजिनाचं पाणी तापेपर्यंत वेळ जातो. करंटचा चावी फिरवली की तापायला लागतो.

लातूर_पंपवाला
दादा, पैसे घालायच्या आधी एक बघा. उद्या गाडी ओढ सोडेल तिथंच बाजूला घ्या आणि फिल्टरच्या आधी फीड पंपाखालची लहान वाटी उघडा. आत बारीक जाळी असते. तिच्यावर पांढरट, तुपासारखा थर दिसला तर तुमचं दुखणं फिल्टरच्या आधीच, टाकीकडच्या बाजूला आहे. टाकीतलं तेल लांब पाइपातून येतं, या जाळीतून जातं, मग फीड पंप ते फिल्टरकडं ढकलतो. पाइप आणि जाळीच धरली असेल तर फिल्टर कितीही गरम करा, त्याच्यापर्यंत तेल पोचणारच नाही. गरम करायचं तर टाकीपासून करावं लागतं. रेडिएटरच्या पाण्याची नळी टाकीतून फिरवायची, तीच तेलाच्या पाइपाला चिकटवून पुढं न्यायची आणि शेवटी फिल्टरला.

दुसरं, तेल कोणतं आहे ते मेहुण्याला विचारा. हॉटेलात बहुतेक पामच असतं. पाम तेल २०-२५ अंशांलाच धरायला लागतं, पामोलिन १० अंशांच्या आसपास गढूळ होतं. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कधी ५-६ अंशांवर येतो, मग काय होणार! सोयाबीनचं तेल त्या थंडीतही वाहतं. बाटलीभर तेल रात्री अंगणात ठेवा, पहाटे उलटी करून बघा. टाकीत काय चाललंय ते लगेच कळेल.

आता गाळण्याचं. माझ्याकडं येणारे बरेच जण तेल तापवून गाळतात, कारण गरम तेल भरभर उतरतं. पण गरम तेलात चरबी विरघळलेली असते, ती कितीही बारीक फिल्टरमधून आरपार जाते आणि रात्री गाडी उभी राहिली की पाइपात परत धरते. म्हणून गाळायचं थंडच. ड्रम सावलीत काही दिवस हलवू नका, वरवरची निवळ काढा आणि पहाटेच्या गारव्यात १० मायक्रॉनच्या, म्हणजे अगदी बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून जाऊ द्या. वेळ लागतो, लागू द्या. नंतर कढईत चमचाभर तेल तापवून बघा. तडतडलं की पाणी आहे, आणि पाण्यानं पंपाचे एलिमेंट (डिझेल दाबणारे आतले दट्ट्ये) जातात. ते काम किती महागात पडतं ते मी रोज बघतो.

गरम फिल्टरनं तेल साफ होत नाही, पातळ होतं. ४० अंशांला डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटीस्टोक, खाद्यतेलाचा ३० ते ४०. ७०-८० अंशांपर्यंत तापवलं तर तेल १०-१२ पर्यंत येतं, म्हणजे तरीही डिझेलच्या दुपटीहून जास्त. दाट तेलाचा नोझलमधून फवारा नीट होत नाही, टोकाला कार्बन धरतो, न जळालेलं तेल रिंगांवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल घट्ट होतं. काठी काढून ऑइल बघत जा, बदलायचा काळही कमी करा.

बीडवाल्या भाऊंचं सुरुवातीपुरतं बरोबर आहे. पण २४ व्होल्टवर ३०० वॉटचा हीटर १२ अँपिअरच्या वर ओढतो. रिले (जास्त करंट झेलणारा स्विच) लावा, इंजिन चालू झाल्यावरच करंट मिळेल अशी जोडणी करा. चालू गाडीला पाणीच बरं, ती उष्णता फुकट आहे. एक जपा, तांब्याची नळी तेलात बुडवू नका. तांब्यानं तेल चिकट व्हायला लागतं. आत स्टीलच घाला.

परभणी_रसायन
मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. नियमात बसणारं बायोडिझेल (खाद्यतेलावर रासायनिक प्रक्रिया करून केलेलं इंधन, मानक आयएस १५६०७) मिळत असेल तर कच्च्या तेलापेक्षा ते कितीतरी बरं, कारण त्याचा दाटपणा ३.५ ते ५ असतो. मात्र पामपासूनचं असेल तर तेही १३-१६ अंशांला गोठायला लागतं. शिवाय जुन्या टाकीतला मळ ते सोडवतं, म्हणून पहिले काही फिल्टर लवकर चोक होतील. जुने रबरी होजही फुगतात, व्हिटॉनचे (तेलानं न फुगणाऱ्या रबराचे) घाला. वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलला देण्यासाठी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची 'रुको' योजना २०१८ पासून आहे, मेहुण्याला तिथं विचारायला सांगा. आणि गाडीत बदल करण्याआधी आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांशी बोला.

मंठा_सहाचाकी
वाटी उघडली. लातूरकर दादा, अगदी तसाच थर निघाला. आता दोन टाक्यांचं करावं म्हणतो, एक डिझेलची, एक तेलाची. भावाच्या नवीन बीएस-६ गाडीला पण हेच चालेल का?

लातूर_पंपवाला
भावाच्या गाडीत थेंबभरही कच्चं तेल टाकू नका. नव्या गाड्यांत कॉमन रेल असते, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी एकच नळी; तिचा दाब हजार बारच्या वर असतो, इंजेक्टर अतिशय बारीक, वर सायलेन्सरमधला धुराची काजळी अडवणारा फिल्टर. हजारोंचा भुर्दंड बसेल.

तुमच्या १६१३ ला दोन टाक्या बसतील. डिझेलवर चालू करा, पाण्याचा काटा वर आला की तेलावर घ्या, आणि मुक्कामाच्या थोडं आधी परत डिझेलवर या म्हणजे पंप-नोझल धुऊन निघतात. दोन टाक्यांचा वॉल्व घेताना रिटर्नची लाइनही (पंपातून उरलेलं तेल टाकीत परत नेणारी नळी) फिरवणाराच घ्या. रिटर्न एकाच टाकीला राहिली तर डिझेलच्या टाकीत तेल जाऊन बसतं, मग पहाटे पुन्हा हाच त्रास.