मदत हवी आहे: 'थोडं' आणि 'थोडंच' स्पॅनिशमध्ये (आणि इंग्रजीतही!)

नमस्कार मंडळी,

डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या ए-२ पातळीची तयारी करतेय. टंचाईबद्दल लिहायची वेळ आली की माझ्याकडेच शब्दांची टंचाई!

परवा गृहपाठात लिहायचं होतं, 'दूध थोडंच उरलंय' (म्हणजे आणायला हवं). मी लिहिलं, 'केदा उन पोको दे लेचे'. बाई म्हणाल्या, याचा अर्थ 'आहे थोडं दूध', चहापुरतं होईल. हवं होतं 'केदा पोका लेचे'. मग लक्षात आलं की इंग्रजीतही तेच. 'अ लिटल मिल्क' म्हणजे आहे, नुसतं 'लिटल मिल्क' म्हणजे जवळपास नाहीच. शाळेत 'फ्यू' आणि 'अ फ्यू' घोकलं होतं, कळलं आत्ता.

म्हणजे आपला 'च' लागला की तिकडचा 'अ' किंवा 'उन' गळतो, असं समजू का?

आणि 'फारसे लोक आले नाहीत' कसं म्हणायचं? इंग्रजीत मी 'हार्डली एनीबडी डिडन्ट कम' लिहून मोकळी होते. आपल्या 'फारसे'ला 'नाही' लागतंच ना!

खारीबिस्कीट: 'च'ची युक्ती झकास, बहुतेक ठिकाणी चालेल. अनेकवचनातही तसंच: 'पोकोस' म्हणजे थोडेच, 'उनोस पोकोस' म्हणजे थोडे. 'हार्डली'च्या पोटातच नकार आहे, म्हणून 'हार्डली एनीबडी केम'. स्पॅनिशमध्ये 'आपेनास'लाही (जेमतेम) 'नो' (नाही) नको, पण 'कासी'ला (जवळजवळ) हवा: 'कासी नो बीनो नादिए', जवळजवळ कोणीच आलं नाही. सोपं हवं तर 'बीनो पोका हेन्ते' लिही, थोडेच लोक आले. फक्त 'हेन्ते' (लोक) एकवचनी आणि स्त्रीलिंगी, तिथे सगळेच एकदा आपटतात. बाकी नुसतं 'फ्यू' बोलताना पुस्तकी वाटतं, लोक सरळ 'नॉट मेनी' म्हणतात.

उंटावरचा शहाणा: 'फाल्तार' पण शिकून घ्या, अगदी आपलं 'कमी पडणे'. 'मे फाल्तान दोस एउरोस', मला दोन युरो कमी पडताहेत. क्रियापद युरोंप्रमाणे चालतं, 'मला' तसंच राहतं. इथे इंग्रजीतून विचार केलात तर फसाल, मराठीतून करा.

धागाकर्ती: दोघांचे आभार! म्हणजे 'उन पोको कारो' जरा महाग, आणि 'पोको कारो'... स्वस्त?

खारीबिस्कीट: हो, 'फारसं महाग नाही'. बघ, 'फारसं' आलंच परत.