चढावर अडणारी गाडी

तुमची दोन मोटरींची ३ किलोची छोटी रोबो-गाडी फरशीवर पळते पण २० अंशांच्या फळीवर जागेवरच गुरगुरते म्हणताय, तर हिशेब करून बघा. ३ गुणिले साइन २०, म्हणजे साधारण १ किलोची ओढ. चाकाची त्रिज्या ५ सेंमी, म्हणून ५ किलो-सेंमी टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. दोन मोटरींत अडीच-अडीच. घर्षण आणि सुरुवातीचा झटका धरून प्रत्येकी ५ घ्या. दुकानात सांगतात तो आकडा बऱ्याचदा स्टॉल टॉर्कचा असतो, म्हणजे मोटर अडून तापतानाचा! तो निदान १५ असू द्या.

पिवळ्या बीओ मोटरींचा (प्लॅस्टिक गिअरच्या छोट्या मोटरी) नाद सोडा. माझ्या एकीच्या गिअरचे दात पहिल्याच चढावर सोलले. आणि एल२९८एन ड्रायव्हर (बॅटरीची वीज मोटरींना पुरवणारं सर्किट) दोनेक व्होल्ट स्वतःच खातो, बरं का. तूर्तास ७ सेंमी व्यासाची चाकं लावून बघा; त्रिज्या ५ वरून साडेतीनवर येते, तेवढा टॉर्क कमी लागतो.