शब्दचर्चा: ‘ब्लॉक करणे’ म्हणजे अडवणे की वाट करून देणे?

पठारकर
मी डेन्व्हरला असतो. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकन फुटबॉलवर लेख लिहायला घेतलाय. इथल्या ब्रॉन्कोज संघात एका काळी पहिल्याच हंगामात हजार यार्ड ओलांडणाऱ्या रनिंग बॅकांची, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यांची, रांग लागली होती, त्यावर. १९९५ साली टेरेल डेव्हिस, १,११७ यार्ड. १९९९ ला ओलांडिस गॅरी, १,१५९. २००० ला माइक अँडरसन, १,४८७. २००२ ला क्लिंटन पोर्टिस, १,५०८. यातले डेव्हिस आणि अँडरसन कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) थेट सहाव्या फेरीत उचललेले, म्हणजे तोवर त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माझा मुद्दा असा की यात पळणाऱ्याइतकंच श्रेय त्याच्या पुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांच्या ब्लॉकिंगला आहे.

तर मी लिहिलं: “डेन्व्हरचे पाचही जण एकाच दिशेने सरकत अडवत आणि पोर्टिस पळत सुटे.” सासरे सध्या इथे आलेत. साताऱ्याचे, जन्मभर कबड्डी बघितलेले. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “आपल्याच माणसाला का अडवतात?” आता बोला. ब्लॉकला काय म्हणायचं?

कोपरारक्षक
सासऱ्यांचं काही चुकलं नाही. आपल्या कानाला अडवणं हे बचावाचंच काम. कबड्डीत चढाई करणारा एकटा आणि अडवणारे सात. व्हॉलीबॉलमधला ब्लॉकही समोरून आलेला फटका थोपवायला. तुमच्या खेळात मात्र ज्याच्याकडे चेंडू, त्याचेच साथीदार अडवतात, आणि अडवतात ते त्याला धरायला येणाऱ्यांना. तेव्हा हे क्रियापद कर्माशिवाय सोडू नका. “समोरच्यांना अडवून धरत” असं लिहिलंत की निम्मा घोळ मिटतो.

‘अडवणूक’ नको. तो शब्द ऐकला की सरकारी कचेरीतलं टेबल दिसतं.

नऊवारी
यार्डला ‘वार’ का नको? वार म्हणजे तीन फूट, यार्डच की. कापड अजून वारावर मोजतात, माझं नावही त्यावरूनच.

कोपरारक्षक
“पोर्टिसने १,५०८ वार केले” असं छापून आलं तर पोलीस चौकशीला येतील, ताई. आणि गज म्हणावं तर खिडकीचे गज. यार्ड राहू द्या.

पठारकर
यार्ड ठेवतो. रनिंग बॅकही तसाच ठेवलाय, कारण ‘धावपटू’ लिहिलं तर शंभर मीटरवाला वाटतो आणि नुसतं ‘बॅक’ म्हटलं तर आपल्या फुटबॉलमधला बचावपटू.

पण ‘ब्लॉकिंग स्कीम’चं काय? ‘योजना’ लिहिलं तर लाभार्थी कोण असं विचारतील. शिवाय दोन मोठ्या पद्धती आहेत, झोन आणि गॅप, आणि नवख्याचं नशीब पुष्कळदा त्यांच्यावर ठरतं. त्यांना शब्द हवेत.

सूरपाटी
आधी मांडणी आणि पद्धत वेगळी काढा. चेंडू हलण्याआधी कोण कुठे उभा आहे ती मांडणी. चेंडू हलल्यावर कोण कुणावर जाणार ती पद्धत. ‘अडवण्याची पद्धत’ एवढं साधं पुरे. व्यूह म्हटलं की अभिमन्यू आठवतो, आणि त्याचा शेवट आपल्याला माहीत आहे.

झोनसाठी मला आट्यापाट्या आठवतात. पाटी धरणारा अमुक एका गड्याला धरत नाही, तो आपली रेघ धरतो, मग तिथे कोणीही येवो. झोनमध्येही तेच, फक्त बाजू उलटी. पाचही जण पहिलं पाऊल एकाच बाजूला टाकतात आणि आपापल्या पट्ट्यात जो येईल त्याला भिडतात. शेजारचे दोघे मिळून एकाला रेटतात, मग त्यातला एक सुटून मागच्या लाइनबॅकरवर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या गड्यावर, जातो. सगळी भिंत आडवी ताणली जाते आणि कुठेतरी तिची शिवण उसवते. कुठे उसवणार हे आधी कोणालाच ठाऊक नसतं, पळणाऱ्यालाही नाही. तो त्या बाजूला धावत बघत राहतो, दिसली जागा की पाय रोवून एकदाच वळतो आणि सरळ पुढे. एकदाच! दुसऱ्यांदा वळायला गेला की मागून पकडला. डेन्व्हरमध्ये १९९५ पासून ॲलेक्स गिब्ज यांनी हे घोटून घेतलं, प्रमुख प्रशिक्षक माइक शॅनहन यांच्या हाताखाली. म्हणून मी झोनला ‘पट्टा-पद्धत’ म्हणेन. ‘क्षेत्र’ भूमापनाचं वाटतं.

खिंडार
गॅप माझ्याकडे द्या, नावच तसं घेतलंय. इथे ठिकाण आधीच ठरलेलं असतं. त्या बाजूचे गडी समोरच्यांना आतल्या अंगाला दाबतात, आणि पलीकडचा गार्ड (पाचांतल्या मधल्याच्या शेजारी उभा राहणारा) आपली जागा सोडून रांगेच्या मागून वळसा घालून येतो व वाटेत उरलेल्याला उडवतो. याला इंग्रजीत ‘पुल’ म्हणतात, पण कृपा करून ‘गार्ड ओढतो’ असं लिहू नका. तो काहीही ओढत नाही. ‘वळसा घालणारा गार्ड’ म्हणा. पळणाऱ्याने त्याच्या पाठीमागून जायचं.

आणि गॅप व होल दोन्हींना ‘फट’ लिहू नये. दोन गड्यांच्या मधली जागा खेळ सुरू व्हायच्या आधीपासूनच असते, ती फट. अडवून, रेटून पाडलं जातं ते खिंडार. नवख्याच्या बाबतीत हा फरक फार कामाचा आहे, कारण कागदावर त्याला फट दाखवतात आणि मैदानात तिथे खिंडार असेलच असं नाही.

पठारकर
हे झकास. मग “अमुक नवखा या पद्धतीत अपयशी ठरला” हे वाक्य तर मी खोडूनच टाकतो.

सूरपाटी
खोडाच. दोन पद्धतींत चुका दोन तऱ्हेच्या होतात आणि मराठीत दोन्हींना सुरेख क्रियापदं आहेत. गॅपमध्ये नवखा *घाई करतो*. वळसा घालून येणारा गार्ड अजून पोचलेला नसतो आणि हा त्याच्या पुढे पळून थेट समोरच्याच्या मिठीत. कॉलेजात वेगावर निभावलेलं असतं, इथे दम धरावा लागतो. झोनमध्ये नवखा *घुटमळतो*. मोठी जागा मिळेल या आशेने दोन यार्डांची हातची जागा सोडतो, पाय नाचवत राहतो. आकडा दोघांचाही तीन यार्डांच्या आसपास दिसेल, पण एकाला ‘थांब’ सांगायचं असतं आणि दुसऱ्याला ‘जा’. आकड्यांच्या तक्त्यात हे दिसत नाही, क्रियापदात दिसतं.

खिंडार
पण सगळं पद्धतीवर ढकलू नका. पोर्टिसला २००४ मध्ये वॉशिंग्टनला दिलं, चॅम्प बेली या बचावपटूच्या बदल्यात. तिथे प्रशिक्षक जो गिब्ज, म्हणजे वळसा घालणाऱ्या गार्डांचं माहेरघर. (आडनाव तेच, माणूस वेगळा. लेखात गोंधळ नको.) डेन्व्हरमध्ये दोन्ही वर्षं दर धावेला ५.५ यार्ड काढणारा पोर्टिस तिथे ३.८ वर आला. झालं, लोक म्हणाले तो झोनचाच घोडा. पण तिथल्या त्याच्या पहिल्याच धावेला ६४ यार्ड आणि टचडाउन होतं, आणि पुढच्या वर्षी त्याने १,५१६ यार्ड काढले. मग तो कुठल्या पद्धतीचा घोडा?

कोपरारक्षक
चर्चा नवख्याची आहे ना? २००४ मध्ये पोर्टिसचं तिसरं वर्ष.

सूरपाटी
इथेच तर शब्दाची गंमत आहे. रुकी एकदाच होता येतं, पहिल्या हंगामात. नवखा मात्र माणूस पुन्हा पुन्हा होतो: गावाला नवखा, घराला नवखा, पद्धतीला नवखा. २००४ चा पोर्टिस रुकी नव्हता, नवखा होता. आणि खरा रुकी आपल्या कॉलेजातल्याच पद्धतीत आला तर तो तितकासा नवखा नसतो. म्हणून माझं मत: दोन्ही शब्द ठेवा, एकाचं दुसऱ्यात भाषांतर करू नका. ‘नवशिका’ मात्र साफ चूक. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये येतानाच शाळा सोडून तीन वर्षं झालेली असावी लागतात, बहुतेक जण ती कॉलेजच्या मैदानावर काढून येतात. खेळ शिकून आलेला असतो.

नऊवारी
मी सामने बघत नाही, पण लेकाबरोबर बसते. त्याचा लाडका रुकी तिसऱ्या डावाला बाहेर बसतो म्हणून तो चिडतो. ते का?

खिंडार
ताई, तो ‘थर्ड डाउन’, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा. त्यावर बहुतेक वेळा चेंडू फेकतात, आणि मग पळणाऱ्याला स्वतःलाच चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर उभं राहून धावून येणाऱ्याला अडवावं लागतं. कोण कुठून येणार हे चेंडू हलण्याआधी ओळखायचं असतं. रुकीची इथेच गाडी अडते. चुकलं तर क्वार्टरबॅक आडवा, म्हणून प्रशिक्षक जुन्या माणसाला पाठवतात. चेंडू हातात असताना कितीही चांगला असो.

पठारकर
म्हणजे ज्याच्यासाठी अडवतात त्यालाही अडवता यायला हवं. लेखात घेतो.

वाक्य बदललं: “समोरच्यांना पट्ट्यापट्ट्यात अडवून धरत पाचही जण एका अंगाला सरकत, भिंत उसवली की पोर्टिस न घुटमळता एकदाच वळे.” सासऱ्यांना दाखवलं. म्हणाले, आता कळलं. मग चहा पिता पिता: “ते पाच जण कोण कोण?” मी सांगितलं, मधे सेंटर, दोन्हीकडे गार्ड, कडेला टॅकल. “टॅकल म्हणजे पकड ना? मग हा पकडतो?” नाही म्हटलं, त्याने पकडलं तर दंड होतो. “आणि गार्ड काय राखतो?” मी सांगितलं की कधी कधी तो जागा सोडून पळतो.

ते अजून माझ्याकडेच बघताहेत. कोणाकडे काही उत्तर?