रक्त आलं की रेफ्री लगेच बाहेर का काढतात?

डावा_बॅक:
रविवारी फुटबॉल मॅचमध्ये हेडरला उडी मारली आणि समोरच्याचं कोपर भुवईवर बसलं, चक्कर नाही काही नाही, पण रेफ्रीने शिट्टी मारून थेट बाहेर काढलं. पट्टी बांधून लाइनवर आलो तर म्हणे जर्सीवर रक्त आहे, बदल. दुसरी जर्सी नव्हती. तोवर आमचे दहाच जण खेळत होते आणि गोल बसला. खरंच असा नियम आहे का? मार मी खाल्ला आणि शिक्षापण मलाच?

शिट्टीवाला:
नियमच आहे भावा, रेफ्रीच्या हातात काही नसतं. रक्त थांबलंय, कपड्यांवर डाग नाही हे तपासायचं आणि मग रेफ्रीने खूण केली की आत. मी स्वतः पट्टीकडे जरा वेळ बघत राहतो, लाल ठिपका पसरायला लागला की परत बसवतो, भुवई फार त्रासदायक, घाम आला की पुन्हा वाहायला लागते. बॅगेत एक जास्तीची जर्सी टाकत जा, नंबर वेगळा असेल तर आधी सांगायचं.

नाइट_ड्यूटी:
शिक्षा नाही रे ती. मैदानावर लागण होण्याची शक्यता अगदी कमी, पण हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तातसुद्धा 7 दिवस टिकतो, आणि समोरच्याचा गुडघा खरचटलेला असतोच. पट्टी बांधणाऱ्याने ग्लोव्हज घातले होते का? मला त्याचीच जास्त काळजी वाटते, बहुतेक ठिकाणी उघड्या हातानेच पुसतात. आणि हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर घेऊन टाक, प्लीज.

जुना_फ्लँकर:
दहा जणांत खेळावं लागतं ही तुझी तक्रार मला पटते. रग्बीत रक्त आलं तर 15 मिनिटांसाठी तात्पुरता बदली खेळाडू मिळतो, तेवढ्यात परत आला नाहीस तर बदली कायम. पण सवलत दिली की गैरफायदा घेणारे येतातच, 2009 मध्ये हार्लेक्विन्स या इंग्लिश रग्बी क्लबच्या टॉम विल्यम्सने तोंडात खोट्या रक्ताची कॅप्सूल फोडली, का तर आधी बाहेर गेलेला किकर (किक मारून गुण मिळवणारा) त्याच्या जागी परत आत आणायचा होता म्हणून. कोच डीन रिचर्ड्सवर 3 वर्षांची बंदी आली. तरी फुटबॉलमध्ये असं काहीतरी हवंच असं माझं मत.

डावा_बॅक:
थँक्स सगळ्यांना. ग्लोव्हज नव्हते, आमच्याच गोलकीपरने रुमालाने दाबून धरलं होतं, त्याच्या बोटाला आधीचं कापलेलं आहे. त्याला आत्ताच फोन लावतो.

नाइट_ड्यूटी:
लाव, आणि दोघं उद्याच डॉक्टरकडे जा, लस घेतली होती का ते आठवून सांगा तिथे.